मिटलेला शिंपला आणि उघडा शिंपला

मालवण-रत्नागिरीकडील गृहिणी बाजारात तिसऱ्या निवडू लागली, की एक परीक्षा न चुकता घेते. टोपलीतील एखादी तिसरी किंचित उघडी दिसली, तर तिला बोटाने टिचकी मारायची किंवा दुसरीवर हलकेच आपटायचे. ती चटकन मिटली तर जिवंत. तशीच उघडी राहिली तर बाजूला टाकायची. ही परीक्षा तिला कोणी पुस्तकातून शिकविलेली नसते. पण प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतही शिंपल्याच्या प्रकृतीची पहिली तपासणी याहून फारशी वेगळी नसते. स्वयंपाकघरातील हे ज्ञान दिवाणखान्यातील काचेच्या पेटीकडे वळवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद या परिसरात मत्स्यालय बाळगणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या पेटीत कधी कधी शिंपलेही येतात. गोड्या पाण्यातील तळ्यांत व नद्यांत आढळणारा करड्या-काळसर कवचाचा शिंपला हा एक. आणि ज्यांनी खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची पेटी मांडली आहे त्यांना मोह पडतो तो निळ्या-हिरव्या मखमली ओठांच्या सागरी शिंपल्याचा, हा दुसरा. दुकानदार दोहोंविषयी एकच ग्वाही देतो, “याला काही करावे लागत नाही, हा पाणी साफ ठेवतो.” या वाक्याचा पूर्वार्ध अगदी खोटा आहे, आणि त्यामुळेच काही महिन्यांनी उत्तरार्धही खोटा ठरतो. मासा आजारी पडला तर तो पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो, अंगावर डाग दाखवतो, अन्न सोडतो. शिंपला यातले काहीच करीत नाही. तो मरतो तेव्हा दोन दिवस कोणाला कळत नाही. कळते ते पाण्याला दुर्गंधी येऊन मासे उलटे पडू लागल्यावर.

म्हणून त्याची भाषा आधी समजून घेतली पाहिजे. शिंपल्याच्या दोन झडपा एका बाजूने बिजागरीने जोडलेल्या असतात. त्या बिजागरीपाशी एक लवचीक बंध असतो आणि तो ताणलेल्या कमानीप्रमाणे झडपा उघडण्याची सदैव खटपट करीत असतो. त्याविरुद्ध, आतील बळकट स्नायू त्या मिटून धरतात. याचा अर्थ असा, की उघडण्यास शिंपल्याला श्रम पडत नाहीत. श्रम पडतात ते मिटण्यास. प्राण गेला की स्नायू सैल होतात, बंध आपले काम करतो आणि झडपा उघडतात. आपल्या गृहिणीच्या टिचकीचे सारे रहस्य एवढेच. निरोगी शिंपलाही दिवसाचा बराच वेळ किंचित उघडा असतो, कारण त्याला श्वास घ्यावयाचा असतो व अन्न गाळावयाचे असते. उघडा असण्यात वाईट काही नाही. स्पर्श होताच न मिटणे मात्र वाईट.

मग घट्ट मिटलेला शिंपला प्रकृतीने उत्तम समजावा काय? येथेच पुष्कळांची फसगत होते. स्पर्शानंतर तो मिटणे व काही वेळाने पुन्हा उघडणे हे ठीक. परंतु दोन-तीन दिवस सतत मिटून राहिलेला शिंपला विश्रांती घेत नसतो, तो श्वास कोंडून बसलेला असतो. पाण्यात काहीतरी त्याला असह्य झालेले असते. प्राणवायूवाचून तो काही काळ शरीरातील साठ्यावर तग धरतो; त्यात आम्ल तयार होते आणि ते शमविण्यासाठी तो आपल्याच कवचातील चुना थोडाथोडा विरघळवितो. घर मोडून चूल पेटविण्यासारखाच हा प्रकार. असा शिंपला सुरीने उघडून पाहण्याची दुर्बुद्धी कोणी करू नये. त्याने स्नायू फाटतो आणि जिवंत असलेला शिंपला हकनाक मरतो.

प्रथम गोड्या पाण्यातील शिंपल्याचे पाहू. आपल्याकडील तळ्यांतून मिळणाऱ्या नेहमीच्या जातीचे शास्त्रीय नाव लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस. त्याला मऊ, बारीक वाळूचा तीन-चार इंचांचा थर हवा. निरोगी असला तर तो जिभेसारखा मांसल पाय बाहेर काढून स्वतःला वाळूत रोवून घेतो आणि मागचे टोक तेवढे वर ठेवतो. त्या टोकाशी निरखून पाहिल्यास दोन फटी दिसतात. एकीच्या कडेला बारीक झालरी असतात. तिच्यातून पाणी आत जाते. दुसरी गुळगुळीत असते. तिच्यातून ते बाहेर येते. या दोन फटी दिसणे म्हणजे नाडी लागण्यासारखे आहे. पेटीत नव्याने टाकलेला शिंपला एक-दोन दिवस आडवा पडून राहिला तर घाबरू नये. आठवडा झाला तरी तो आडवाच असेल आणि त्याला उभा रोवून दिल्यावरही पुन्हा आडवा होत असेल, तर मात्र चौकशी केली पाहिजे.

याहून चांगली एक परीक्षा मुलांनाही करता येईल. काचेच्या दोन सारख्या बरण्या घ्याव्यात. उन्हात ठेवून हिरवट झालेले पाणी दोन्हींत सारखे भरावे. एकीत शिंपला ठेवावा, दुसरी तशीच ठेवावी. दोन्ही सावलीत, शेजारी शेजारी. सकाळपर्यंत शिंपल्याच्या बरणीतील पाणी दुसरीपेक्षा स्पष्टपणे निवळलेले दिसले, तर त्याचे कल्ले व पचनेंद्रिये चालू आहेत असे समजावे. तळाशी शेंबडासारखे बारीक दोरे पडलेले दिसतील. नको असलेले कण शिंपला चिकट द्रवात गुंडाळून बाहेर टाकतो ते हे. पाणी दोन्ही बरण्यांत सारखेच हिरवे राहिले, तर शिंपला जिवंत असूनही खात नाही. ही गोष्ट टिचकीने कधीच कळली नसती.

घरगुती पेटीत शिंपले मरण्याचे सर्वांत मोठे कारण रोग नव्हे, उपासमार आहे. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसावे म्हणून आपण गाळणयंत्र लावतो. ते यंत्र पाण्यातील सूक्ष्म वनस्पती व कण काढून घेते. आणि ज्याचे अन्न तेच कण, तो शिंपला ताटावर बसूनही उपाशी राहतो. त्यातही त्याची उपासमार संथ असते. अंगातील साठ्यावर तो कित्येक आठवडे काढतो, टिचकीला प्रतिसादही देत राहतो, आणि घरातील मंडळी म्हणतात, “चार महिने उत्तम होता, मग अचानक मेला.” ते मरण अचानक नसते.

उपाय सोपा आहे, परंतु नियमाने करावा लागतो. पेटीतून काढलेले जुने पाणी फेकून न देता पांढऱ्या बादलीत गच्चीवर किंवा सज्जात उन्हात ठेवावे. दिल्लीच्या उन्हाळ्यात थोड्याच दिवसांत ते हिरवे होते. हिवाळ्यात, धुक्याच्या दिवसांत, अधिक वेळ लागतो. रोज त्यातील पेलाभर पाणी शिंपल्याजवळ सावकाश सोडावे आणि त्या वेळी तासभर गाळणयंत्र बंद ठेवावे. हवेचा पंप मात्र चालू असावा. पीठ, दूध, यीस्ट इत्यादी घालण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो मानू नये. शिंपला खाईल त्याच्या कितीतरी पट पदार्थ कुजेल. खरे सांगायचे तर दोन फुटी नव्या पेटीत शिंपला ठेवूच नये. मोठी, जुनी, थोडी शेवाळलेली, वाळूचा थर असलेली पेटी किंवा अंगणातील हौद हेच त्याचे योग्य घर.

आता पाण्याविषयी. येथे दिल्लीकरांची परिस्थिती जरा विशेष आहे. या परिसरातील बहुसंख्य घरांत आता पिण्यासाठी आर. ओ. यंत्र असते आणि ‘आपल्याला जे शुद्ध ते प्राण्यालाही शुद्ध’ या समजुतीने तेच पाणी पेटीत ओतले जाते. आर. ओ. यंत्र पाण्यातील चुना जवळजवळ सगळा काढून टाकते. शिंपल्याचे कवच चुन्याचेच असते. अशा पाण्यात ते वाढत तर नाहीच, उलट बिजागरीजवळचा जुना, झिजलेला भाग खडूसारखा पांढुरका होऊन खवले सुटू लागतात. कूपनलिकेचे जड पाणी, ज्याने आपल्या नळांच्या तोट्या पांढऱ्या पडतात, ते शिंपल्याला या दृष्टीने बरे. मात्र ते खारे नसावे. परिसरातील काही भागांत भूजल चवीलाच मचूळ लागते. ते वापरू नये.

नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवले, की तो बहुतांशी उडून जातो. पण हिवाळ्यात एक वेगळी अडचण येते. यमुनेच्या पाण्यात अमोनिया वाढल्यामुळे वजिराबाद व चंद्रावल येथील जलशुद्धीकरण केंद्रांचे काम मंदावल्याच्या बातम्या दिल्लीकरांनी गेल्या काही वर्षांत वारंवार वाचल्या आहेत. अमोनिया आणि क्लोरिन एकत्र आले, की त्यांचे जे संयुग होते ते बादलीतून तसे सहजी उडून जात नाही. शिंपला तर अमोनियाला माशाहूनही नाजूक. म्हणून अशा बातमीच्या दिवसांत पेटीचे पाणी बदलू नये; आधीच साठवून ठेवलेले पाणी वापरावे किंवा आठवडाभर थांबावे. अमोनिया मोजण्याची लहान पेटी मत्स्यालयाच्या दुकानांत मिळते. ज्यांच्या घरी शिंपला आहे त्यांनी ती घेतलीच पाहिजे.

उन्हाळ्याचे दुखणे निराळे. वीस अंश तापमानाच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पस्तीस अंशांवर सुमारे ७ च. त्याच वेळी उष्णतेने शिंपल्याची प्राणवायूची गरज मात्र वाढते. मे-जूनमध्ये बाहेर पारा पंचेचाळिशीकडे चढतो तेव्हा बंद खोलीतील पेटीचे पाणीही तिशी ओलांडून जाते. बर्फाचे खडे टाकणे हा उपाय चुकीचा. त्याने तापमान झोके खाते. पेटीचे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर साधा पंखा लावावा. बाष्पीभवनाने माठातील पाणी थंड होते त्याच न्यायाने पेटी दोन-तीन अंश उतरते. त्याच खोलीत पाण्याचा कूलर चालू असेल तर हवा दमट होऊन हा उपाय अर्धा निष्फळ होतो, हे ध्यानात ठेवावे. उडालेले पाणी रोज भरून काढावे.

औषधांविषयी एकच सांगावयाचे आहे. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले म्हणजे जी औषधे देतात त्यांतील कित्येकांत तांबे असते. माशाला बरे करणारी ती मात्रा शिंपल्याला मारते. आजारी माशाला वेगळ्या भांड्यात काढून औषध द्यावे. शिंपल्याच्या पेटीत थेंबही पडू नये. शिंपल्याला स्वतःला बरे करणारे घरगुती औषध नाही. त्याची शुश्रूषा म्हणजे पाणी, वायू, अन्न आणि थोडा धीर. एका वेळी एकच बदल करावा व तीन-चार दिवस वाट पाहावी. चार गोष्टी एकदम केल्या तर कशाने गुण आला हे कळत नाही, आणि बहुधा गुण येतही नाही.

वाढीची नोंद ठेवू इच्छिणाऱ्यांनी दर दोन महिन्यांनी शिंपला कागदावर ठेवून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवावी व तारीख घालावी. कडेला पातळ, फिकट रंगाची नवी पट्टी दिसणे हे प्रकृतीचे सर्वांत विश्वासू प्रमाणपत्र. प्रौढ शिंपला मात्र फार सावकाश वाढतो. दोन रेघा एकमेकींवर पडल्या म्हणून निराश होण्याचे कारण नाही. जाता जाता आणखी एक नवल: या शिंपल्याची पिल्ले जन्मल्यावर काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहतात व मग सुटून तळाशी जातात. पेटीतील माशाच्या परावर क्वचित बारीक कण दिसले तर तो रोगच असेल असे नाही.

ज्यांना हे सारे हौसेचे चोचले वाटतील त्यांनी मोत्यांची शेती करणाऱ्यांकडे पाहावे. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाची केंद्रीय संस्था आहे. तिने याच जातीच्या शिंपल्यात मोती घडविण्याची पद्धत बसविली आणि तिचे प्रशिक्षण देशभरच्या शेतकऱ्यांनी घेतले. हरियाणात गुरुग्रामच्या बाजूलाही हा प्रयोग झाला आहे. शिंपल्याच्या आत गाभा बसविण्यापूर्वी त्याला दोन-तीन दिवस शिळ्या पाण्यात, एका शिंपल्यास एक लिटर या हिशेबाने, सवय करू देतात. शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस रुग्णासारखे वेगळे ठेवतात, मेलेले रोज काढून टाकतात. मग एका जाळीदार पिशवीत दोन असे घालून तळ्यात सुमारे एक मीटर खोल टांगतात आणि बारा ते अठरा महिने वाट पाहतात. या काळात पिशव्या वरचेवर तपासाव्या लागतात, कारण एका मृत शिंपल्याची घाण शेजाऱ्यास बाधते. तेथे टिचकीचा अर्थ चुकला तर वर्षाची मेहनत जाते.

आता सागरी शिंपल्याकडे वळू. निळ्या, हिरव्या, जांभळ्या रंगांची नक्षी असलेला जो शिंपला प्रवाळांच्या पेटीत शोभतो तो महाशिंपल्यांच्या कुळातील. त्यांतील सर्वांत मोठी जात, ट्रायडॅक्ना गिगास, मीटरभराहून लांब व दोनशे किलोंहून जड होते. पॅरिसच्या सेंट सल्पिस चर्चमध्ये तिच्या झडपांत पवित्र जल ठेवलेले आहे. पाणबुड्याचा पाय पकडून त्याला बुडविणारा राक्षस अशी त्याची ख्याती आहे, पण ती निव्वळ दंतकथा आहे.

आपल्या लक्षद्वीप व अंदमानच्या प्रवाळभित्तींवर या कुळातील लहान जाती आढळतात, आणि येथेच दिल्लीच्या छांदिष्टाने थांबले पाहिजे. ट्रायडॅक्ना मॅक्सिमा, ट्रायडॅक्ना स्क्वामोसा व हिप्पोपस हिप्पोपस या जाती २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घातल्या गेल्या. त्याच वेळी प्रवाळभित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळही. वाघाला जे संरक्षण, तेच त्या वेळी या शिंपल्याला मिळाले, आणि त्यांचे कायदेशीर संरक्षण आजही कायम आहे. या संपूर्ण कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही साइट्स करारान्वये १९८५ पासून नियंत्रित आहे. तेव्हा ‘लक्षद्वीपचा माल’ म्हणून कोणी तो विकू पाहत असेल तर ते चोरीच्या मालासारखेच समजावे. मग त्याच्या प्रकृतीची चर्चा कशासाठी? परदेशी असलेल्या आपल्या कित्येक मराठी कुटुंबांत हा छंद आहे आणि तेथे प्रजननकेंद्रांत वाढविलेले शिंपले नियमानुसार मिळतात; पलाऊ बेटांवर अशा केंद्राने गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत हे तंत्र नावारूपास आणले. शिवाय, समुद्रातील शिंपला पाहणाऱ्यालाही हीच लक्षणे उपयोगी पडतात.

महाशिंपला अर्धा प्राणी आणि अर्धी बाग आहे. त्याच्या रंगीत ओठांत, म्हणजे प्रावारात, कोट्यवधी सूक्ष्म शैवले राहतात; ती सूर्यप्रकाशात साखर बनवितात व तिचा मोठा वाटा यजमानाला देतात. १९२८-२९ च्या ग्रेट बॅरियर रीफ मोहिमेचे प्रमुख, ब्रिटिश शास्त्रज्ञ मॉरिस योंग, यांनी या सहजीवनाचा सविस्तर अभ्यास मांडला. म्हणून गोड्या पाण्यातील शिंपल्याची पहिली गरज अन्न, तर याची पहिली गरज प्रकाश.

दिवसा दिव्याखाली निरोगी महाशिंपल्याचा प्रावार कवचाच्या कडेबाहेर ओसंडून पसरलेला असतो. त्यावरून हात फिरवून सावली पाडली, की तो झटकन आत ओढला जातो. प्रावाराच्या कडेने शेकडो अतिशय साधे डोळे असतात, त्यांनी सावली टिपली जाते. येथे टिचकीऐवजी सावली हे परीक्षेचे साधन. प्रावार दिवसेंदिवस कवचाच्या आतच राहत असेल, किंवा कडा चिमटल्यासारख्या आत मुडपल्या असतील, तर काहीतरी बिघडले आहे. पाणी आत घेण्याची लांबट फट ताणून विस्फारलेली, आतील कल्ले स्पष्ट दिसताहेत आणि सावलीला प्रतिसाद नाही, ही अवस्था गंभीर होय. रंग मध्यापासून फिका, पांढुरका होत जाणे म्हणजे आतील शैवले निघून चालली आहेत. उलट, कवचाच्या वरच्या कडेला पांढरीशुभ्र नवी पट्टी दिसली तर निश्चिंत असावे. तळाशी, विशेषतः रात्री, तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगायी आढळल्यास त्या रक्तशोषक असण्याचा संभव असतो. त्या मऊ ब्रशाने, पाण्यातच, काढाव्यात. शिंपला खडकाला रेशमी तंतूंनी चिकटलेला असेल तर त्याला ओढून उपटू नये. तंतूंच्या मुळाशी असलेले इंद्रिय फाटले, की तो बहुधा वाचत नाही. खडकासकट उचलावे.

पाणी सुधारण्याचे येथील गणित वेगळे. क्षार लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, तापमान २४ ते २७ अंश, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम. आणि अल्कता सारखी खालीवर होऊ न देणे हे आकड्यांहूनही महत्त्वाचे. दोनशे लिटरच्या पेटीत सुमारे सात किलो क्षार विरघळलेले असतात. पंख्याने जे पाणी उडते ते निव्वळ गोडे. क्षार मागे राहतात. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. आणि गंमत अशी, की ज्या आर. ओ. पाण्याने तळ्यातील शिंपला मरतो, तेच पाणी येथे लागते. कारण समुद्राचे क्षार त्यात आपण मोजून घालणार असतो आणि नळातील नको असलेले पदार्थ टाळावयाचे असतात. नव्या शिंपल्याला एकदम प्रखर दिव्याखाली ठेवू नये. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू उजेड वाढवावा.

मुंबईच्या चर्नी रोडजवळ १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेव्हा समुद्र रस्त्याच्या पलीकडेच होता. दिल्लीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. येथे समुद्र पुडक्यांतून येतो, उन्हाळ्यात तो चिलर नावाच्या यंत्राने थंड करावा लागतो, आणि मे महिन्यातील दुपारी वीज तीन तास गेली तर तोच समुद्र माशांसकट आंबतो. कायद्याची आडकाठी नसती तरी या शहरात महाशिंपला बाळगणे शहाणपणाचे ठरले असते असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

त्याची खरी प्रकृती तपासावयाची ती लक्षद्वीपच्या उथळ सरोवरांत. समुद्राचे पाणी फार तापले, की प्रवाळांप्रमाणे महाशिंपल्यांतीलही शैवले निघून जातात व ते पांढरे पडतात. लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींवर अशी आपत्ती १९९८, २०१० व २०१६ मध्ये आली आणि २०२४ मध्ये पुन्हा आली. पाणी लवकर निवले तर उरलेली शैवले वाढून शिंपला पुन्हा रंग धरतो; उष्णता आठवडेच्या आठवडे टिकली तर झडपा उघड्या राहतात. पर्यटक म्हणून तेथे जाणाऱ्यांनी सावलीची परीक्षा वरून, पोहता पोहता, एकदाच करावी. पुनःपुन्हा मिटायला लावणे म्हणजे त्याचा प्रकाशाचा, अर्थात जेवणाचा, वेळ घेणे. रिकामी झडपसुद्धा आठवण म्हणून उचलून आणू नये. संरक्षण कवचालाही आहे.

दिल्ली परिसरात कोणी जिवंत महाशिंपला वा प्रवाळ विकावयास दाखविला तर तो ‘वाचविण्यासाठी’ म्हणून विकत घेऊ नये. एक विकला गेला की त्याच्या जागी दुसरा आणला जातो. राज्याच्या वनखात्याला कळवावे, अथवा २००७ मध्ये स्थापन झालेल्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोला. त्याचे मुख्यालय नवी दिल्लीतच आहे. आणि गोड्या पाण्याचा शिंपला नकोसा झाला, तर तो यमुनेत किंवा जवळच्या तळ्यात सोडून देऊ नये, कारण पेटीतील रोगजंतू त्याच्याबरोबर जातात. ज्याच्याकडे मोठा हौद आहे अशा परिचितास द्यावा; नेताना पाण्याने भरलेली पिशवी नको, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत न्यावा. काही तासांच्या प्रवासात तो मिटून राहतो, आणि पोहोचल्यावर हौदाचे पाणी थोडे थोडे शिंपडून तासाभराने आत ठेवला, की बहुधा संध्याकाळपर्यंत पुन्हा उघडतो.